तांबड्याच्या पलीकडे पाहणारा कॅमेरा

टीव्हीचा रिमोट हातात घ्या, मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे करा आणि कुठलंही बटण दाबा. बऱ्याच फोनच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाचा इवलासा दिवा जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसतो. फोन बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर तिथे काहीच नाही. रिमोटचा हा उजेड साधारण 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि आपला डोळा 700च्या आसपास हार मानतो. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र सिलिकॉनचा, आणि सिलिकॉनला जवळपास 1100 नॅनोमीटरपर्यंतचा उजेड कळतो. म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याला जन्मापासूनच इन्फ्रारेड, म्हणजे तांबड्यापलीकडचा उजेड, दिसतो. पुढे कारखान्यात सेन्सरसमोर एक काच बसवली जाते, तिला हॉट मिरर म्हणतात, आणि तांबड्यापलीकडचं सगळं बाहेरच अडवलं जातं. ते अडवणं योग्यच आहे. ती काच नसेल तर लग्नाच्या फोटोत नवऱ्यामुलाचा काळा कोट किरमिजी निघेल.

इन्फ्रारेडसाठी कुठला कॅमेरा घ्यावा, असं मला आता बरेच जण विचारतात. विचारताना त्यांच्या मनात मेगापिक्सेल असतात, फुल फ्रेम म्हणजे मोठा सेन्सर असतो, नवं मॉडेल असतं. या कामात त्यांचं वजन फार कमी आहे. पाहायचं ते वेगळंच: कुठल्या कॅमेऱ्याची ती काच सुखरूप निघते, आणि ती निघाल्यावर फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि मुख्य म्हणजे लेन्स, हे सगळे नव्या उजेडात कसे वागतात. दिसणाऱ्या प्रकाशासाठी बेतलेलं यंत्र आपण न दिसणाऱ्या प्रकाशात वापरायला काढतो, तेव्हा त्याचा प्रत्येक भाग पुन्हा तपासून घ्यावा लागतो. मी गेली काही वर्षं हेच करते आहे आणि त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे.

आधी हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगते.

1800 साली विल्यम हर्षेल यांनी लोलकातून पडलेल्या सूर्याच्या वर्णपटात तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या पट्ट्याच्या बाहेर, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथल्या तापमापकाचा पारा सगळ्यात जास्त चढला. या अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड, किरणांत काढलेली निसर्गदृश्यं लोकांसमोर यायला मात्र पुढे शंभराहून जास्त वर्षं गेली. अमेरिकेचे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी 1910 साली आपले असे फोटो प्रसिद्ध केले. त्यांत आकाश काळं होतं आणि झाडं पांढरी.

झाडं पांढरी का, याचं उत्तर मला आजही थक्क करतं. पानातलं हरितद्रव्य निळा आणि तांबडा उजेड खातं आणि हिरवा थोडाफार परत टाकतं, म्हणून पान हिरवं. तांबड्याच्या पुढे गेलं की हरितद्रव्याचा त्या उजेडाशी संबंधच उरत नाही. तो पानात शिरतो, आतल्या पोकळ, स्पंजासारख्या पेशीथरात हवेच्या आणि पाण्याच्या सीमांवर पुन्हा पुन्हा आपटतो आणि त्याचा मोठा भाग बाहेर फेकला जातो. तेव्हा इन्फ्रारेड फोटोतली पांढरी पानं ही त्या पानांच्या आतल्या बांधणीची खूण आहे. पान आजारी पडलं, आतल्या पेशी कोलमडल्या, की हा पांढरेपणा उतरतो, आणि कधी कधी तो पान पिवळं पडण्याच्या आधीच उतरतो.

आपल्या देशात या गोष्टीचा उपयोग फार लवकर झाला. 1970च्या सुमारास पी. आर. पिशारोटी यांनी केरळात नारळाच्या बागांवरून हेलिकॉप्टर नेऊन इन्फ्रारेड फिल्मवर फोटो काढले आणि रूट विल्ट रोग लागलेली झाडं वरून ओळखता येतात हे दाखवलं. भारतातल्या दूरसंवेदनाची, म्हणजे आकाशातून जमिनीच्या पाहणीची, सुरुवात म्हणून हा प्रयोग सांगितला जातो. हेच पिशारोटी पुण्याच्या उष्णकटिबंधीय मौसमविज्ञान संस्थेचे पहिले संचालक होते. 1988 साली आपला आयआरएस-1ए उपग्रह वर गेला तेव्हा त्याच्या कॅमेऱ्यांत एक पट्टा इन्फ्रारेडचा होता, आणि इन्फ्रारेडला लाल रंग देऊन केलेले पिकांचे, जंगलांचे ते लालभडक नकाशे त्यातून येऊ लागले. पाषाण रस्त्यावरून जाताना त्या संस्थेच्या आवारातली झाडं दिसली की मला हा प्रयोग आठवतो. माझ्या पिशवीतल्या जुन्या कॅमेऱ्यालाही तोच उजेड दिसतो, याचा मला मनापासून आनंद होतो.

इथेच एक गैरसमज दूर करते. हा उष्णतेचा कॅमेरा नव्हे. माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता साधारण 10 मायक्रोमीटरच्या आसपासची असते, आपण बोलतोय त्याच्या दहापट लांब तरंगांची. त्यासाठी वेगळे सेन्सर आणि जर्मेनियमच्या लेन्स लागतात. आपला कॅमेरा सूर्याचा परावर्तित झालेला उजेडच टिपतो, फक्त डोळ्याच्या कुंपणापलीकडचा. म्हणूनच एलईडी आणि ट्यूबलाइटच्या खोलीत तो जवळजवळ आंधळा होतो. त्यांच्या उजेडात इन्फ्रारेड नावालाच असतं. जुना पिवळा बल्ब लावला की लगेच खोली उजळते.

आपल्याकडचं ऊन या कामासाठी फार चांगलं आहे. दुपारी बाराचं टळटळीत ऊन, ज्यात बाकीचे फोटोग्राफर कॅमेरा आत ठेवून सावली शोधतात, ते इन्फ्रारेडला मानवतं. वर्षातला सगळ्यात चांगला काळ कुठला विचाराल तर मी ऑक्टोबर हीट म्हणेन. पाऊस नुकताच सरलेला, सह्याद्रीच्या उतारांवर गवत अजून हिरवं, आकाश धुतलेलं, त्यात पांढऱ्या ढगांचे पुंजके आणि ऊन असं की दगड तापावा. हवेच्या रेणूंमुळे होणारं प्रकाशाचं विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताने कमी होत जातं. 450 नॅनोमीटरच्या निळ्याच्या तुलनेत 800ला ते जेमतेम दहावा हिस्सा उरतं. म्हणून आकाश काळवंडतं आणि ढग पुढे येतात. पावसाळी धुकं मात्र इन्फ्रारेडलाही भेदता येत नाही, कारण धुक्यातले थेंब या तरंगांच्या मानाने फार मोठे असतात. महाबळेश्वरच्या पॉइंटवर ऐन श्रावणात हा कॅमेरा काढून काही उपयोग नाही.

वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर मी पुन्हा पुन्हा जाते. नाना फडणवीसांचा वाडा, खाली उतरत जाणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, मेणेश्वराचं देऊळ आणि वर झाडी. इन्फ्रारेडमध्ये या जागेची मांडणीच बदलते. बेसाल्ट काळाच राहतो. पाणी जवळजवळ शाई होतं, कारण एकतर ते हा उजेड शोषतं आणि दुसरं म्हणजे त्यात काळं आकाश उतरलेलं असतं. आणि या दोन काळ्यांच्या मध्ये झाडांचे पुंजके पांढरे पेटून उठतात. एकदा कपडे धुवायला आलेल्या एका आजींनी स्क्रीनमध्ये डोकावून विचारलं, "अगं पोरी, झाडं अशी पांढरी फटक कशानं केलीस?"

म्हटलं, "आजी, मी नाही केली. ती तशीच आहेत, आपल्याला दिसत नाही एवढंच."

त्यांनी वर झाडांकडे पाहिलं, परत स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग ह्यो पिवळा शेंडा का?" त्यांनी बोट ठेवलेली फांदी बाकीच्यांहून खरंच मळकी दिसत होती. ती वाळायला लागली होती. नुसत्या बघण्यात ती माझ्या ध्यानात आली नव्हती. आजींनी ती बरोबर टिपली.

आता कॅमेऱ्यांकडे वळते.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे हाताशी असलेल्या कॅमेऱ्यावर 720 नॅनोमीटरचा, म्हणजे त्यापुढचाच उजेड आत सोडणारा, फिल्टर लावणं. होया आर72 हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. हा फिल्टर डोळ्यासमोर धरला तर जवळजवळ काळा दिसतो. हॉट मिरर आत तसाच असतो, त्यामुळे गळून आलेल्या थोड्याशा इन्फ्रारेडवर काम भागवायचं आणि भर दुपारीही एक्स्पोजर कित्येक सेकंदांचं. ट्रायपॉड लावा, फिल्टर काढून फोकस करा, ऑटोफोकस बंद करा, फिल्टर चढवा, मग शटर दाबा. शांत तळ्यावर, देवळाच्या शिखरावर हे छान जमतं. पिंपळासमोर मात्र हा मार्ग संपतो. पिंपळाचं पान वारा नसतानाही हलतं आणि दहा सेकंदांत सगळ्या झाडाचा पांढरा धूर होतो. तरीही नव्या माणसाला मी इथूनच सुरुवात करायला सांगते. हा उजेड आपल्याला खरंच आवडतो का, हे कळायला एक फिल्टर पुरेसा आहे.

यात जुने कॅमेरे नव्यांपेक्षा सरस ठरतात, कारण सुरुवातीच्या डीएसएलआरमधला, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांतला, हॉट मिरर पातळ होता. निकॉन डी70 याबाबत प्रसिद्ध आहे. लायकाने 2006 साली एम8 आणला तेव्हा त्याचा हॉट मिरर इतका अशक्त होता की काळे कृत्रिम कपडे किरमिजी दिसू लागले आणि कंपनीला ग्राहकांना लेन्सवर लावायचे इन्फ्रारेड अडवणारे फिल्टर द्यावे लागले. रंगीत फोटो काढणाऱ्यांची ती डोकेदुखी होती. आपल्यासाठी तोच गुण.

मुंबईत फोर्टमधल्या एका सेकंड हँड दुकानात मी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, निवडते ती अशीच. दुकानदार काका शटर काउंट दाखवत होते, सेन्सर कसा स्वच्छ आहे ते सांगत होते. मी विचारलं, "काका, एसीचा रिमोट देता का जरा?" त्यांनी दिला. काउंटरवर मांडलेल्या बॉडींवर एकच लेन्स आलटून पालटून लावली, मागच्या पडद्यावर थेट चित्र दाखवणारा लाइव्ह व्ह्यू सुरू केला आणि समोर रिमोट धरून बटण दाबून ठेवलं. एकीवर दिवा जेमतेम ठिपक्याएवढा, दुसरीवर ठळक, तिसरीवर काहीच नाही. ठळक दिसणारीचा हॉट मिरर पातळ. काका बघत राहिले. मग स्वतःच कपाटातून आणखी बॉडी काढून पुढे ठेवू लागले, "ताई, ह्याच्यावर लावून बघा, ह्याच्यावर काय दिसतं?" ज्या मॉडेलची किंमत बाजारात कधीच उतरली होती ते माझ्या उपयोगाचं निघालं.

दुसरी वाट कायमच्या बदलाची. हॉट मिरर काढून त्या जागी ठरावीक तरंगलांबीचा फिल्टर किंवा साधी पारदर्शक काच बसवायची. याला कन्व्हर्जन म्हणतात. हे घरी करू नका, असं मी आग्रहाने सांगते. फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात सुमारे 300 व्होल्टचा कपॅसिटर भरलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो झटका देतो. शिवाय नवी काच मूळ काचेच्या हिशेबाच्याच जाडीची हवी, नाहीतर सेन्सरवर पडणाऱ्या फोकसची जागा सरकते, आणि एक धुळीचा कण आत अडकला की तो कायमचा पाहुणा. हे काम रोज करणाऱ्याकडेच द्यावं.

हा बदल करायचा म्हटला की डीएसएलआर की मिररलेस हा प्रश्न येतो. माझं मत स्पष्ट आहे: मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला. कारण फोकस. इन्फ्रारेड उजेड लेन्समधून जाताना जरा कमी वळतो, त्यामुळे त्याचा फोकस दिसणाऱ्या उजेडाच्या फोकसपासून हटलेला असतो. डीएसएलआरचा ऑटोफोकस सेन्सरवर होत नाही, तो तळाशी असलेल्या वेगळ्या भागात दिसणाऱ्या उजेडावर होतो. कन्व्हर्जन करणारा माणूस हा फोकस एखाद्या लेन्सला जुळवून देऊ शकतो, पण लेन्स बदलली की जुळणी बिघडते. मिररलेस सेन्सरवर आलेल्या उजेडावरच फोकस करतो. जो उजेड नोंदवायचा, त्याच्यावरच फोकस. एक्स्पोजरचंही तसंच. डीएसएलआरचा मीटर दिसणाऱ्या उजेडावर अंदाज बांधतो आणि झाडी किती, दगड किती यावर तो अंदाज हेलकावे खातो. मिररलेसमध्ये हिस्टोग्राम, म्हणजे सेन्सरवर पडणाऱ्या उजेडाचा आलेख, समोर दिसतो. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये जग थेट इन्फ्रारेडमध्येच दिसतं. हे शेवटचं कारण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. झाड पांढरं होईल अशी कल्पना करत फ्रेम लावणं आणि पांढरं झाड समोर पाहत फ्रेम लावणं, या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मिररलेसमध्ये नवं काही घ्यायची गरज नाही. मायक्रो फोर थर्ड्सची, म्हणजे लहान सेन्सरची, जुनी पॅनासोनिक किंवा ऑलिंपस बॉडी, सोनीची एनईएक्स मालिका, 2014चा ए6000, यांतलं काहीही चालेल. माउंट (लेन्स बसते ते कडं) आणि सेन्सर यांतलं अंतर कमी असल्यामुळे अडॅप्टर लावून जुन्या हातफोकसच्या लेन्स वापरता येतात, हा आणखी एक फायदा. फुजीफिल्मने तर 2015 साली एक्स-टी1 आयआर नावाची कारखान्यातूनच मोकळी केलेली बॉडी काढली होती, न्यायवैद्यक आणि वैद्यकीय कामासाठी, 380 ते 1000 नॅनोमीटर पाहणारी. सिग्माच्या एसडी मालिकेचा विचार वेगळाच: हॉट मिरर लेन्स माउंटच्या तोंडाशी असतो आणि वापरणारा स्वतः तो काढून परत बसवू शकतो. एकाच बॉडीवर सकाळी रंगीत आणि दुपारी इन्फ्रारेड. तो कॅमेरा संथ आहे आणि त्याच्या माउंटच्या लेन्स इथे सहज मिळत नाहीत, तरी या एका सोयीसाठी मला सिग्माच्या त्या अभियंत्यांविषयी आदर वाटतो.

बॉडी घेण्याआधी आणखी एक तपासणी करा. काही मॉडेलांच्या आतच शटरवर किंवा इतर भागांवर लक्ष ठेवणारा इन्फ्रारेड दिवा असतो. हॉट मिरर असेपर्यंत त्याचा उपद्रव होत नाही, तो निघाला की सेन्सरवर एका कडेने झळ दिसू लागते. लेन्सवर टोपी लावून तीस सेकंदांचं एक्स्पोजर द्या आणि फोटो उजळवून पाहा. फिल्मच्या काळातही असं होतं: कॅननच्या बऱ्याच ईओएस बॉडी फिल्मची छिद्रं मोजायला इन्फ्रारेड दिवा वापरत आणि कोडॅकच्या एचआयई या इन्फ्रारेड फिल्मच्या कडा त्याने पांढऱ्या होत. एचआयई 2007 साली बंद झाली. तिच्या उजळ भागांभोवतीचं ते धुरकट तेज, फिल्मच्या पाठीमागचा परावर्तन रोखणारा थर नसल्यामुळे येणारं, डिजिटलमध्ये आपोआप येत नाही. फिल्मवरच काम करायचं असेल तर रोलेई इन्फ्रारेड 400 आणि इलफर्ड एसएफएक्स 200 या दोन फिल्म आहेत. एसएफएक्स 740 नॅनोमीटरच्या आसपासच थांबते, एवढं लक्षात ठेवावं.

आता लेन्स. बॉडीवर लोक महिना महिना विचार करतात आणि लेन्सचा विषय एका वाक्यात संपवतात. माझ्या मते इन्फ्रारेडमध्ये निर्णय लेन्सवरून सुरू व्हावा. कारण हॉट स्पॉट. फोटोच्या बरोबर मधोमध फिकट, उजळ गोल पडतो, भिंतीवर टॉर्च मारावी तसा. लेन्सच्या नळीला आतून दिलेला काळा रंग डोळ्याला काळा असतो, इन्फ्रारेडला तो काळा असेलच असं नाही. काचांवरचे थर दिसणाऱ्या प्रकाशाचं परावर्तन रोखायला बेतलेले, तेही तांबड्याच्या पुढे निकामी ठरतात. आतला उजेड काचांत आणि सेन्सरमध्ये मागे-पुढे आपटत राहतो आणि मधोमध गोळा होतो. महागड्या, नावाजलेल्या लेन्समध्येही हा दोष असतो आणि किटसोबत आलेल्या साध्या प्लास्टिकच्या झूममध्ये कधी कधी अजिबात नसतो. किमतीवरून काहीच सांगता येत नाही.

तपासणी सोपी आहे. निरभ्र आकाशाचा किंवा एकसारख्या उन्हातल्या भिंतीचा फोटो घ्या, अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, लहान करत एफ/4, 5.6, 8, 11, 16 असे क्रमाने. बाकी काही बदलू नका. मग ते सगळे शेजारी लावून काँट्रास्ट भरपूर वाढवा. सदोष लेन्समध्ये एफ/5.6ला एक पुसट उजाळा दिसेल, एफ/8ला त्याला कडा येऊ लागतील, एफ/16ला तो लहान, घट्ट आणि गोल होऊन बसेल. अॅपर्चर जसं बंद होतं तसा तो डाग आवळत जातो. झूम लेन्स असेल तर दोन्ही टोकांना वेगळं पाहा, अनेकदा एक टोक चांगलं निघतं. पन्नास एमएम 1.8 प्रकारच्या स्वस्त, लोकप्रिय लेन्सपैकी काहींत हा दोष जोरात आहे. आणि फार बंद करायचंही नाही, याचं दुसरं कारण विवर्तन, म्हणजे लहान छिद्रातून जाताना उजेडाचं पसरणं. 850 नॅनोमीटरचा उजेड 550च्या हिरव्यापेक्षा दीडपट जास्त पसरतो, म्हणजे एफ/8ला जो मऊपणा येतो तो रंगीत फोटोत एफ/12ला येईल तेवढा. माझं बहुतेक काम एफ/5.6 ते एफ/8मध्ये होतं.

जुन्या हातफोकसच्या लेन्स मला या कामात विशेष आवडतात. त्यांच्या फोकसच्या कड्याजवळ अंतराच्या मुख्य खुणेशेजारी एक छोटा तांबडा ठिपका किंवा 'आर' अक्षर कोरलेलं असतं. नेहमीसारखा फोकस करायचा आणि मग ते अंतर तांबड्या खुणेवर सरकवायचं. मिररलेसवर त्याची गरज उरत नाही, पण ती खूण कोरणाऱ्या माणसांनी हा उजेड आपल्या हिशेबात धरला होता. नंतरच्या लेन्सवरून ती नाहीशी झाली याचं मला वाईट वाटतं.

शेवटचा मोठा निर्णय तरंगलांबीचा. कायमचा फिल्टर बसवायचा तर 590, 665, 720, 850 यांतलं एक निवडावं लागतं, आणि इथे आपल्याला काय पाहायचं आहे हे ठरलेलं हवं. 590ला पिवळा-तांबडा उजेडही आत येतो. लाल आणि निळा चॅनल अदलाबदल केले की सोनेरी झाडं आणि निळं आकाश मिळतं. हे फोटो चटकन डोळ्यांत भरतात आणि म्हणूनच भरपूर दिसतात. 720 मधला मार्ग: पानं पांढरी, आकाशाला थोडा रंग, आणि हवं तेव्हा कृष्णधवल. 850ला सेन्सरवरच्या लाल, हिरव्या, निळ्या गाळण्या तिन्ही जवळपास सारख्याच पारदर्शक होतात, म्हणून तिथे रंग उरतच नाही. मिळतो तो खणखणीत कृष्णधवल फोटो. पूर्ण पारदर्शक काच बसवली, म्हणजे फुल स्पेक्ट्रम केलं, तर लेन्सवर फिल्टर बदलून हे सगळं एकाच बॉडीवर साधतं. मी तेच करून घेतलं. डीएसएलआरवर हे गैरसोयीचं झालं असतं, कारण काळा फिल्टर चढवला की व्ह्यूफाइंडर काळा. मिररलेसला त्याची फिकीर नाही.

रंगात काम करणाऱ्यांनी ते रॉ फाइलमध्येच, म्हणजे सेन्सरच्या मूळ नोंदीवरच, करावं आणि व्हाइट बॅलन्स उन्हातल्या हिरवळीवर घ्यावा. लाइटरूम या सॉफ्टवेअरमधली व्हाइट बॅलन्सची पट्टी 2000 केल्विनला थांबते आणि इन्फ्रारेडला त्याहूनही खाली जावं लागतं, तेव्हा सगळा फोटो लालच राहतो. त्यावर उपाय म्हणजे आपल्या कॅमेऱ्यासाठी अॅडोबीच्या प्रोफाइल एडिटरमध्ये वेगळं प्रोफाइल बनवून ठेवणं. एकदा केलं की झालं.

आणि एक गोष्ट गांभीर्याने. 1998 साली सोनीच्या काही हँडीकॅममधली नाइटशॉट ही अंधारात चित्रण करण्याची सोय दिवसा वापरल्यास काही कपड्यांतून आरपार दिसू शकतं हे लक्षात आलं आणि कंपनीला ती सोय बदलावी लागली. कन्व्हर्जन केलेल्या कॅमेऱ्यातही पातळ कृत्रिम कापडाच्या बाबतीत असं घडू शकतं. घाटावर, जत्रेत, नदीकाठी मी हा कॅमेरा माणसांवर रोखत नाही. कोणी आपणहून फोटो काढायला सांगितला तर दुसरा, साधा कॅमेरा काढते.

तर आज कोणी विचारलं तर माझं उत्तर असं: जुनी मिररलेस, फुल स्पेक्ट्रम केलेली, तिच्यासोबत आधी तपासून घेतलेली रुंद दृश्य टिपणारी एक लेन्स, 720चा एक फिल्टर आणि वर्षभराने, हा नाद टिकला तर, 850चा. फुल फ्रेमची वाट पाहू नका. बॉडीवर वाचलेले पैसे वाई, भंडारदरा, कास असं फिरण्यात घाला, कारण हा उजेड ओळखीचा व्हायला वेळ लागतो: वड कसा दिसतो, करवंदाची जाळी कशी, बाभूळ किती कमी उजळते, पेरणीनंतरचं ज्वारीचं रान पंधरा दिवसांत किती बदलतं.

माझ्याकडे सध्या एक जुनी 28 एमएम लेन्स चाचणीला आहे, तांबड्या ठिपक्याची. एफ/5.6ला ती स्वच्छ आहे. एफ/8चा फोटो मी अजून दोनदा काँट्रास्ट वाढवून पाहते आहे. मधोमध किंचित काहीतरी आहे असं वाटतं, पण खिडकीच्या काचेचाही तो परिणाम असू शकेल. रविवारी ऊन पडलं तर गच्चीवरून मोकळ्या आकाशावर पुन्हा घेईन.